लेंटमध्ये मी भजन सोडलं

मला देवाचा मत्सर वाटायचा, हे आधीच सांगून टाकते. शेजारणीचा वाटावा, जावेचा वाटावा, तसाच. साड्यांवरून, मुलांच्या मार्कांवरून जळणाऱ्या बायका मी शाळेच्या स्टाफरूममध्ये तीस वर्षं पाहिल्या आणि मनातल्या मनात त्यांना नावं ठेवली. मी चर्चच्या पाळकाची नात. रविवारी शब्बाथशाळेत लहान मुलांना मत्सर हे पाप आहे असं मीच शिकवायचे, आणि मुलं टिवल्याबावल्या करायला लागली की डोळे वटारायचे. मला ते पाप कधी शिवलंच नव्हतं, त्यामुळे शिकवायला सोपं जायचं.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी हे दाढी करता करता बेसिनपाशी खाली बसले. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "अहो, नळ वाहतोय, बंद करा की!" उत्तर आलं नाही म्हणून चिडून गेले, तर अर्ध्या गालाला फेस तसाच आणि तोंड एका बाजूला ओढलेलं. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही त्याच सकाळी गेलं. दवाखान्यात चौथ्या दिवशी तोंडातून आवाज फुटला, तो "तेते". चहा हवा असला तरी तेते, उशी सरकवायची असली तरी तेते. मुलगी पुण्याहून धावत आली, तिलाही तेते. माझ्याकडे बघून तेच.

आमच्या लग्नाला तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती आणि त्या सव्वीस वर्षांत यांनी माझं नाव घेतलं नाही. मी म्हणजे "अगं". रागावले की "अगं ए", खुशीत असले की लांबवलेलं "अगंऽऽ". फोनवरसुद्धा "हॅलो, अगं". कारखान्यातले मित्र थट्टा करायचे की वहिनींच्या रेशनकार्डावर नाव काय आहे. मला त्या शब्दाचं कधी कौतुक वाटलं नव्हतं. तो गेला तेव्हा कळलं की घरात मला हाक मारणारं दुसरं कुणी नाही. मग मी प्रार्थनेत तेवढंच मागायला लागले. हात नको, पाय नको, मी उचलीन, भरवीन, पुसेन. यांनी मला एकदा अगं म्हणावं, बस्स.

आमच्या इंदिरानगरच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावरचे गृहस्थ रोज नऊ वाजता "अगं, माझा टॉवेल कुठंय?" म्हणून ओरडतात. खिडक्या उघड्या असल्या की स्पष्ट ऐकू येतं. त्यांची बायको मला लिफ्टमध्ये वैतागून सांगायची, "काय सांगू, ह्यांना एक वस्तू जागेवर सापडत नाही." मी हसायचे. तिला तिथंच धरून बदडावं असं वाटायचं.

पण ती बिचारी नंतर. खरा मत्सर सुरू झाला दवाखान्यात, दुसऱ्या रविवारी. उपासना संपवून पाळकसाहेब आणि चर्चच्या मंडळीतले चार-पाचजण भेटायला आले. हे सातपूरच्या कारखान्यात फिटर असले तरी मंडळीत यांची ओळख पेटीवाले म्हणूनच. शनिवारी संध्याकाळी साबण लावून लावून नखांतलं ग्रीस काढायचे आणि रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पेटी वाजवायचे. त्यामुळे पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि यांचं आवडतं भजन हळू आवाजात धरलं. पहिली ओळ संपायच्या आत यांनी डोळे मिटले आणि दुसरी ओळ उचलली. नीट, सुरात, एकूण एक शब्द. चारही कडवी म्हटली. शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला, नर्स दारात थांबली. नांदगावहून माझी नणंद आली होती, ती रडत रडत "प्रभू, प्रभू" म्हणायला लागली.

भजन संपलं तशी मी यांच्या तोंडाजवळ वाकले आणि विचारलं, "अहो, मी कोण? मला काय म्हणता तुम्ही?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलवले, फार प्रयत्न केला, आणि म्हणाले, "तेते."

त्या क्षणी मला जे झालं त्याला दुसरं नाव नाही. मत्सर. देवासाठी चार कडवी आणि माझ्यासाठी एक शब्द नाही!

बोलायला शिकवणारी एक तरुण मुलगी आमच्याकडे आठवड्यातून दोनदा यायची. तिनं मला नीट समजावून सांगितलं. बोलणं मेंदूच्या एका बाजूला असतं आणि गाणं बरंचसं दुसऱ्या बाजूला, म्हणून बोलणं जातं तरी पाठ असलेली गाणी राहतात. "फक्त काकांना स्वतःहून सुरुवात करता येणार नाही. पहिली ओळ तुम्ही धरून द्यायची," ती म्हणाली. मला ते ऐकून आधी हायसं वाटलं. म्हणजे देवानं काही माझ्या नवऱ्याला माझ्यापासून फोडलेलं नव्हतं. पण संध्याकाळी सात वाजता घरातल्या प्रार्थनेला बसलो, मी पहिली ओळ धरली, यांनी डोळे मिटले, आणि यांचा चेहरा लग्नाच्या वेळी होता तसा झाला. मेंदूच्या दोन बाजूंची सगळी माहिती असूनसुद्धा मी जळले. पहिली ओळ म्हणून मी ओठ मिटून बसायचे आणि हे एकटेच त्याच्याशी गात राहायचे. भजन संपलं की डोळे उघडायचे, मी दिसायचे, आणि तेते.

मंडळीनं तर चमत्कारच ठरवून टाकला. लोक ऐकायला यायला लागले. एकदा घोटीच्या मंडळीतल्या बायका टेम्पो करून आल्या, येताना तांदूळ घेऊन आल्या, आणि हॉलमध्ये दाटीवाटीनं बसून रडल्या. मी बटण दाबल्यासारखी पहिली ओळ म्हणायचे आणि चहा टाकायला आत जायचे. जाताना एकजण माझा हात धरून म्हणाली, "बाई, तुम्ही लय नशीबवान." दुसरी म्हणाली, "बोलतील पण. इस्वास कमी पडू देऊ नका." म्हणजे अजून बोलत नाहीत ते माझा विश्वास कमी पडतो म्हणून. मी त्यांना आमच्यात करतात तसा सलाम केला, दार लावलं आणि सगळ्या कपबश्या आपटत धुतल्या.

असं दीड वर्ष गेलं. मग लेंट आला.

आमच्यात लेंटचे चाळीस दिवस काहीतरी सोडायची रीत आहे. प्रभूनं रानात चाळीस दिवस उपास केला, त्याची आठवण. कुणी मटण सोडतं, कुणी चहा, हल्ली मोबाईलसुद्धा सोडतात. लेंट सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी मंडळीच्या स्त्रीसंघात गोल करून बसतात आणि प्रत्येकीनं आपण काय सोडणार ते सांगायचं. एकीनं मासे सांगितले, एकीनं सिरीयल. माझी पाळी आली आणि माझ्या तोंडून निघालं, "आम्ही घरात भजन सोडणार. मौन पाळणार."

मग पाळकसाहेबांच्या पत्नी म्हणाल्या, "किती खोल विचार केलात हो." त्या रविवारी उपदेशातही मौनाचा उल्लेख आला. मी मान खाली घालून बसले होते. लोकांना ती नम्रता वाटली असणार.

ते मौन माझं नव्हतं, यांचं होतं. मी बोलत होते, फोन करत होते, भाजीवाल्याशी हुज्जत घालत होते. पहिली ओळ म्हणणं तेवढं बंद केलं. त्यांना स्वतःहून सुरू करता येत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. नवऱ्याची देवाकडे जायची एकच वाट होती आणि मी तिला कुलूप लावलं, तेही त्याच्याच नावानं. देवळात नेलं तर सगळ्यांबरोबर गातील म्हणून रविवारी ऊन आहे, व्हीलचेअर रिक्षात बसत नाही, अशी कारणं काढली आणि त्या पहिल्या रविवारानंतर मीही जाणं सोडलं. मला मोह पडला होता, देव नसलेल्या रविवाराचा. उशिरा उठायचं, पोहे करायचे, पेपर वाचायचा. सांगायला लाज वाटते, पण मला फार बरं वाटलं. घरात आम्ही दोघंच आहोत असं दीड वर्षानं पहिल्यांदा वाटलं.

त्या मोकळ्या वेळात मी माझं सुरू केलं. बोलायला शिकवणाऱ्या मुलीनं एक पद्धत दाखवली होती. रोजचं वाक्य सुरात म्हणायचं आणि त्या ठेक्यावर त्यांच्या डाव्या हातावर हलकेच थापटायचं. मी "अगं, पाणी दे" हे वाक्य घेतलं. आधी यांच्या आवडत्या भजनाची चाल लावली. यांचे डोळे चमकले, आणि यांनी भजनाचेच शब्द म्हणायला सुरुवात केली. मी यांच्या हातावरचा हात काढून घेतला. मग ती चाल सोडून आपली एक साधी चाल बसवली. सकाळी वीस मिनिटं, दुपारी वीस मिनिटं. शाळेत ढ मुलांवर घेतली नसेल एवढी मेहनत घेतली. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी हे म्हणाले, "पाणी."

मी ओरडलेच. मुलीला पुण्याला फोन केला. पाणी पाजलं, पुन्हा विचारलं, पुन्हा "पाणी". मग मी म्हटलं, "आता पूर्ण म्हणा. अगं, पाणी दे." हे म्हणाले, "पाणी." संध्याकाळपर्यंत पाणी, पाणी, पाणी. पाण्याला नाव मिळालं आणि मी अजून तेतेच. त्या दिवशी मी पाण्याच्या तांब्यावरसुद्धा जळले.

लेंटचे पहिले काही दिवस सात वाजले की हे खुर्ची वळवून भिंतीजवळच्या पेटीकडे बघायचे. मी टीव्हीवर बातम्या लावायचे. मग माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचे, "लेंट आहे." चौथ्या आठवड्यात यांनी खुर्ची वळवणं सोडलं. पाचव्यात पाणी म्हणणंही सोडलं. वरण-भात दोन घास खाल्ला की तोंड फिरवायचे. डॉक्टर म्हणाले, अशा आजारात मन खचतं, गोळी देतो. मी मान हलवली. यांचं मन कशानं खचलं ते डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. तरी मी सुरुवात केली नाही.

गुड फ्रायडेच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी नणंद नांदगावहून आली. संध्याकाळी सात वाजले, आठ वाजले, टीव्ही चालूच. ती म्हणाली, "वहिनी, दादाचं भजन?"

मी मौनाचं सांगितलं. तिनं रिमोट घेऊन टीव्ही बंद केला.

"लेंटमधी लोकं मटण सोडता, चहा सोडता," ती म्हणाली. "तुम्ही तर देवालाच सोडून दिलं की. आन दादाचा बी सोडवला."

मग माझा बांध फुटला. मी म्हटलं, हो, सोडवला. माझा नवरा आहे. अंग मी पुसते, लघवीचं भांडं मी धरते, आणि गाणं मात्र त्याच्यासाठी. माझ्याशी एक शब्द नाही. मला नाही सहन होत. मी किती बोलले कोण जाणे. हे खुर्चीत बसून सगळं ऐकत होते.

नणंद माझ्यावर उखडेल असं वाटलं होतं. ती पदरानं नाक पुसत म्हणाली, "मला बी लय वाटायचं असं. तुमचं लग्न झालं आन दादा माझ्यासंग बोलायचा कमी झाला. वर्षभर तुमचं तोंड पाहू वाटत नव्हतं मला. तुम्हाला कधी बोलली नाय." एवढं बोलून ती भाकरी करायला उठली. इतक्या वर्षांत मला याचा पत्ता नव्हता. ती दर दिवाळीला मला साडी पाठवत आली होती.

गुड फ्रायडेला तिनंच हट्ट धरून यांना देवळात नेलं. बारा ते तीन उपासना असते. प्रभूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर सातजण बोलतात आणि मधे मधे भजन होतं. त्या दिवशी आमच्याकडे वाद्यं वाजत नाहीत, पेटीवर पांढरं कापड असतं. कुणीतरी सूर धरला आणि सगळी मंडळी गायला लागली. यांनीही गायला सुरुवात केली. सहा आठवड्यांचा उपाशी माणूस ताटावर बसावा तसे गायले. आजूबाजूचे लोक वळून वळून बघत होते, डोळे पुसत होते. मी शेजारी बसून गात नव्हते. हे सगळ्यांचे झाले होते, माझेच काय ते नव्हते.

चौथा उद्गार सुरू असताना मी उठून बाहेर आले. चपलांच्या ढिगापाशी उन्हात उभी राहिले आणि कित्येक महिन्यांनी देवाशी बोलले. हात जोडले नाहीत, डोळे मिटले नाहीत. म्हटलं, तुझ्याकडे एवढे लोक आहेत, देवदूत आहेत, गाणाऱ्यांची तुला काय कमी? मला हा एकच होता. तुला माझ्याच घरातलं कशाला हवं? तळपाय भाजायला लागले. आतून यांचा आवाज येत होता, सगळ्यांतून वेगळा कळत होता. मी परत आत जाऊन बसले. दुसरीकडे जाण्यासारखी जागा मला माहीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी शनिवार. नणंद सकाळच्या गाडीनं गेली. संध्याकाळी सात वाजता मी टीव्ही लावला नाही. यांची खुर्ची पेटीजवळ नेली, बाजूला स्टूल घेतलं. काही पश्चात्ताप वगैरे दाटून आला नव्हता. मी थकले होते. दोन वेळा वरण-भात परत गेला होता आणि माझ्यानं ते बघवत नव्हतं. मी पहिली ओळ धरली. यांनी दुसरी उचलली. आणि या वेळी मी ओठ मिटले नाहीत, यांच्याबरोबर म्हणत राहिले. आजार झाल्यापासून पहिल्यांदा. माझा आवाज बसलेला, सूर खाली खाली चाललेला.

पहिलं कडवं संपलं. दुसरं सुरू व्हायच्या आधी दम घेण्याइतकी जागा असते. त्या जागेत, डोळे मिटलेले असतानाच, हे कपाळाला आठी घालून म्हणाले, "अगं, वर!"

मी खालच्या सुरात गाते. लग्न झाल्यापासून देवळात यांच्या पेटीशेजारी बसून खालीच गात आले, आणि हे दर रविवारी, कडव्याच्या मधे, सगळ्यांच्या देखत, मला असंच टोकायचे. मला भयंकर राग यायचा. घरी जाताना रिक्षात मी बोलायचे नाही. एकदा तर म्हटलं होतं, देवाला माझा खालचा सूर चालतो, तुम्हालाच चालत नाही.

मी सूर वर नेला. आवाज फाटला. हे दुसरं कडवं गात होते आणि मी रडत रडत, फाटक्या आवाजात, मागून फरपटत येत होते. तो शब्द या भजनात सव्वीस वर्षं बसलेला होता, यांच्या आणि देवाच्या मधोमध. मी बाहेर उभी राहून जळत होते आणि यांनी मला आत नेऊन बसवलेलं होतं. मी बरोबर गायल्याशिवाय तो बाहेर येणार नव्हता, आणि दीड वर्ष मी ओठ मिटून बसले होते.

भजन संपल्यावर अधाशासारखं विचारलं, "काय म्हणालात? पुन्हा म्हणा." हे म्हणाले, "तेते." पण त्या रात्री वरण-भात सगळा खाल्ला.

ईस्टरच्या उपासनेत साक्ष द्यायला, आपला अनुभव सगळ्यांपुढे सांगायला, कोण येणार असं विचारलं तेव्हा मी उठले. पुढे जाऊन सांगितलं की आमच्या घरचं मौन हे मौन नव्हतं, मी मत्सरानं नवऱ्याचं तोंड बंद केलं होतं. "अगं" चं काही सांगितलं नाही. त्याचाही लोकांनी चमत्कार केला असता. पाळकसाहेबांच्या पत्नी नंतर दोन महिने माझ्याशी जपून बोलत होत्या.

बोलायला शिकवणाऱ्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "काकू, तो शब्द गाण्याच्या सवयीतला आहे, तुम्हाला उद्देशून असेलच असं नाही." असेना. मी दुसऱ्याच दिवशी मुद्दाम खालच्या सुरात गायले. काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी आणखी खाली गायले. नाही. आठव्या दिवशी, मी विसरून गेले होते, तेव्हा आलं. फसवून मिळत नाही, एवढं कळलं.

आता रोज सात वाजता बसतो. कधी आठवड्यात दोनदा "अगं" येतं, कधी महिना महिना येत नाही. वरचे गृहस्थ टॉवेलसाठी ओरडले की मला अजून चरचरतं. मी देवासाठी गाते असं म्हणवत नाही, पहिलं कडवं मी अजूनही त्या शब्दासाठीच म्हणते, हे त्यालाही ठाऊक आहे. मग ती दम घ्यायची जागा येते. मी यांच्या ओठांकडे बघते. बहुतेक वेळा काही येत नाही. तरी मी यांच्याबरोबर दुसरं कडवं म्हणते.